घोरणाऱ्याला साक्षीदार लागतो

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चार कुटुंबांनी मिळून पोकोनोजच्या डोंगरांत दोन रात्रींसाठी घर भाड्यानं घेतलं. पानं रंगली होती, डब्यांत चकल्या होत्या, पत्त्यांचे दोन जोड होते. रात्री खोल्या वाटायची वेळ आली तेव्हा मात्र एका गृहस्थांच्या शेजारच्या खोलीत झोपायला कोणी तयार होईना. त्यांचं घोरणं आमच्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहे. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्या जोडप्याला सगळ्यांनी समारंभपूर्वक कापसाचे बोळे भेट दिले. पोट धरून हसलो. ते गृहस्थही हसले.

सकाळी चहा करताना त्यांची बायको मला हळूच म्हणाली, "घोरण्याचं काही नाही गं, त्याची सवय झालीय. मधेच बंद होतं ना, ते नको वाटतं. मी आकडे मोजत पडते. पंधरा, वीस, कधी पंचवीस. मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात आणि मग मला झोप लागते." किती वर्षं मोजतेस, विचारलं. मुलगा मिडल स्कूलला होता तेव्हापासून, म्हणाली. मुलगा आता नोकरीला लागला आहे. डॉक्टरांना सांगितलंस का? तर म्हणे, "त्यांच्या डॉक्टरांना मी काय सांगणार?"

तिच्या त्या प्रश्नापायी हे लिहायला बसले.

दात दुखला तर ज्याचा दात त्याला कळतं. गुडघा धरला तर लंगडणाराच डॉक्टरांकडे जातो. झोपेच्या दुखण्याचा धनी मात्र दुखणं चालू असताना हजरच नसतो. सकाळी उठून तो शपथेवर सांगतो की मला छान झोप लागली, आणि बिचारा खोटं बोलत नसतो. रात्री जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. छाती हवा ओढायची धडपड करते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, मेंदू दचकून काही सेकंद जागा होतो, घसा उघडतो, तो हुंदका येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. या जागं होण्याची आठवण राहत नाही. निदान दहा सेकंद श्वास अडला तर डॉक्टर ती एक घटना धरतात. तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या रिपोर्टवर ३८ आकडा होता. म्हणजे दर दीड मिनिटाला कोणीतरी हलवून उठवावं तसं. आणि हे सगळं होत असताना आम्ही दोघं त्याच्या ब्लडप्रेशरच्या तिसऱ्या गोळीबद्दल मिठाला दोष देत होतो.

तर माझं आवाहन घोरणाऱ्यांना नाहीच. ते वाचतील आणि पान उलटतील. ते शेजारी झोपणाऱ्यांना आहे, भिंतीपलीकडे झोपणाऱ्या मुलांना आहे, सुट्टीवर आलेल्या सुनांना आणि बहिणींना आहे. झोपेच्या डॉक्टरांकडे घोरणाऱ्याला एकट्याला पाठवू नका. साक्ष द्यायला बरोबर जा.

आपल्याकडे भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. त्यामुळे कुठेही, कधीही झोपणारा माणूस आपल्याला सुखी वाटतो. "पाठ टेकायचा अवकाश, लागला घोरायला!" हे आपण कौतुकानं सांगतो. सत्यनारायणाच्या पूजेत दुसऱ्या अध्यायालाच पेंगणारे काका, नाटकाच्या मध्यंतराआधीच मान टाकणारे भावोजी, गाडीत मागच्या सीटवर बसल्या बसल्या वाकणारी मावशी. यांतले काही खरंच दमलेले असतात. पण सात-आठ तास अंथरुणात घालवूनही जो दिवसा पेंगतो, त्याला झोपेचं वरदान नाही, झोपेचा दुष्काळ आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये याची एक सोपी मोजणी लिहून ठेवली, एपवर्थ नावाची. आठ प्रसंग: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसल्यावर, तासभर गाडीत दुसरा चालवत असताना, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि सिग्नलला गाडी थांबलेली असताना. प्रत्येक ठिकाणी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टर गाठायचा. एक कागद नवऱ्याला भरायला द्या, एक त्याच्याबद्दल तुम्ही भरा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. आमच्याकडे त्याचे सहा झाले आणि मी दिलेले चौदा. भांडण झालं. पण भांडणानंतर अपॉइंटमेंट घेतली गेली.

हा फक्त घरातला मामला असता तर एवढं लिहिलं नसतं. आपल्या न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये राहणाऱ्यांपैकी कितीतरी जण रोज सकाळी मेट्रोपार्क स्टेशनला गाडी लावून ट्रेन पकडतात. २९ सप्टेंबर २०१६ ची सकाळ त्यांना आठवत असेल. न्यू जर्सी ट्रान्झिटची पॅस्कॅक व्हॅली मार्गावरची गाडी होबोकनला थांबायच्या ऐवजी ताशी २१ मैलांच्या वेगानं रुळांच्या टोकाच्या अडथळ्यावर आदळली आणि पार स्थानकात घुसली. तिथे उभी असलेली एक तरुण स्त्री गेली, शंभराहून अधिक माणसं जखमी झाली. चालकाला धडकेचं काहीच आठवत नव्हतं. त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आहे हे अपघातानंतरच्या तपासणीत कळलं. त्याच उन्हाळ्यात झालेल्या तपासणीत तो कामाला योग्य ठरला होता. पुढे सरकारी चौकशीनं ठपका त्या न ओळखलेल्या आजारावर ठेवला. तपासणीच्या खोलीत डॉक्टर रक्तदाब बघतो, डोळे बघतो, कान बघतो. रात्री अडीच वाजता काय होतं ते बघायला तिथे कोणी नसतं. ते बघणारा माणूस घरी असतो.

आपल्या राज्याचा मॅगीज लॉ माहीत आहे का? १९९७ मध्ये मॅगी मॅकडॉनेल ही कॉलेजात शिकणारी मुलगी समोरून आलेल्या व्हॅनच्या धडकेत गेली. चालक तीस तास झोपला नव्हता. त्या वेळी न झोपता गाडी चालवणं हा गुन्हाच नव्हता, त्यामुळे तो किरकोळ दंडावर सुटला. तिच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये न्यू जर्सीनं कायदा केला. चोवीस तासांहून अधिक जागून कोणी गाडी चालवली आणि त्यात माणूस दगावला, तर तो बेदरकारपणा धरून खटला भरता येतो. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मुंबईहून रात्रभर विमानात जागून नेवार्कला उतरणारे आणि "पार्किंगमध्ये गाडी आहेच" म्हणून थेट पार्कवेवर चढणारे आपल्यात काही कमी नाहीत. तेवढ्या दिवसापुरती टॅक्सी करा, नाहीतर मुलाला बोलवा.

थोडं आपल्या गळ्यातल्या लॅपटॉपबद्दलही. उन्हाळ्यात पुण्या-बंगळुरूशी साडेनऊ तासांचं अंतर, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेदहा. रात्री साडेनऊला तिकडच्या लोकांबरोबर कॉल, सकाळी सातला पुन्हा कॉल, मधे जे उरतं ती झोप. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. तेच मिळत नसतील तर आधी दोन-तीन आठवडे तेवढे देऊन बघा. तरीही दिवसा पेंग येत असेल तर मात्र डॉक्टरांपुढे तो सबबीचा दरवाजा बंद झालेला असतो. "काम फार आहे हो" हे वाक्य आमच्या घरात बारा वर्षं चाललं.

आता जायचं कुणाकडे? सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून. तुमचा विमा एचएमओ असेल तर त्यांचं रेफरल लागतं, पीपीओ असेल तर बहुधा थेट जाता येतं. झोपेचे डॉक्टर मुळात बहुधा फुफ्फुसांचे, मेंदूचे, कान-नाक-घशाचे किंवा मनोविकारांचे तज्ज्ञ असतात आणि वर या विषयाची वेगळी परीक्षा दिलेले असतात. आपण भाग्यवान ठिकाणी राहतो. एडिसनच्या जेएफके मेडिकल सेंटरमध्ये डॉ. सुधांशु चोक्रोवर्ती यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं 'स्लीप डिसऑर्डर्स मेडिसिन' हे जाडजूड पुस्तक या विषयाचे डॉक्टर अभ्यासतात. जवळच्या ओक ट्री रोडवर साड्या घ्यायला सगळ्या राज्यांतून बायका येतात, आणि आपण तिथून दोन-तीन मैलांवर असलेल्या डॉक्टरांकडे जात नाही.

जाताना काय न्यायचं? पहिलं म्हणजे फोनवर केलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, घोरणं, शांतता आणि हुंदका तिन्ही असलेलं. नवऱ्याला विचारून करा, नाहीतर तो वेगळाच विषय होतो. दोन आठवड्यांची नोंद: कधी पडलो, कधी उठलो, रात्री किती वेळा बाथरूमला गेलो. हो, तेही. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या पुरुषाचा प्रोस्टेटच वाढलेला असतो असं नाही. सकाळी डोकं दुखतं का, तोंड कोरडं पडतं का. गोळ्यांची पूर्ण यादी, आईनं पुण्याहून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांसकट. अल्प्राझोलामची अर्धी गोळी आपल्याकडे लिमलेटच्या गोळीसारखी हातोहात जाते. ती गोळी आणि रात्रीचा पेग, दोन्ही घसा आणखी सैल करतात. ज्याचा श्वास अडतो आहे त्याला झोप येत नाही म्हणून हेच दिलं तर काय होईल, विचार करा.

तपासणी पूर्वीसारखी भीतिदायक राहिलेली नाही. बहुतेकांना आधी घरीच करायचं यंत्र देतात: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी, एक रात्र. पण एक ध्यानात ठेवा. हे यंत्र मुख्यतः श्वास मोजतं. त्यात काही सापडलं नाही आणि लक्षणं तशीच राहिली तर "सगळं नॉर्मल" म्हणून फाइल मिटवू नका, प्रयोगशाळेतली पूर्ण रात्रीची तपासणी मागा. तिथे मेंदूच्या लहरी, पायांच्या हालचाली, सगळं नोंदतात. विम्याची परवानगी आधी घ्यायला सांगा. आणि एक व्यवहाराची गोष्ट: वर्षाचं डिडक्टिबल भरून झालं असेल तर ३१ डिसेंबरच्या आत उरकून घ्या, बहुतेकांचा जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून खिसा मोकळा होतो. मी स्वतः हे फेब्रुवारीत शिकले.

लोक म्हणतात, आमचे हे तर सडपातळ आहेत, त्यांना कसला अ‍ॅप्निया. आपल्या लोकांत वजन फार नसतानाही तो दिसतो. जबड्याची ठेवण, मानेभोवतीची चरबी, पोटाचा घेर, यांचा हिशोब गोऱ्या माणसांच्या तक्त्यानं लागत नाही. आणि जबड्याची ठेवण घराण्यात चालते. वडील घोरायचे, काका घोरायचे, आता दादा घोरतो, याला आपण घराण्याचा सूर म्हणून हसतो.

बायकांचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्येही हा आजार वाढतो, पण त्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं घोरत नाहीत. त्या म्हणतात, थकवा जात नाही, रात्री तीनला जाग येते, उदास वाटतं. मग टेन्शन, थायरॉइड, वय, सगळ्यांची नावं निघतात. शेजारी झोपणारा नवरा स्वतःच घोरत असल्यामुळे साक्षीदारही फितूर. अशा वेळी मुलीनं साक्षीला उभं राहावं. तिच्याकडे चार दिवस राहायला गेलेली आई रात्री कशी झोपते हे तिला कळतं.

आणि आजी. "बाळा, जरा पाय दाबून दे रे," असं रोज रात्री म्हणणारी आजी कोणाच्या घरी नव्हती? पायात वळवळ, ओढ, मुंग्या. बसलं-झोपलं की सुरू, उठून चाललं की थांबतं, आणि हे सगळं संध्याकाळनंतर वाढतं. प्रत्येक पाय दुखणं तसलं नसतं, पण या वर्णनाचं दुखणं झोपेच्या डॉक्टरांच्या वहीत आहे. त्यात शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा मोठा वाटा असतो. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी फेरिटिन तपासायला सांगा. तसंच एखादे आजोबा झोपेत ओरडतात, लाथा मारतात, शेजारच्याला गुद्दा बसतो, आणि सकाळी म्हणतात स्वप्नात कुत्रा मागे लागला होता. याला चेष्टेवारी नेऊ नका, बाहेरचंही काही नसतं. हे मेंदूच्या डॉक्टरांना सांगायचं, कारण काही जणांत ती पुढे येणाऱ्या पार्किन्सन्सची फार आधीची चाहूल असते. तोवर पलंगाजवळचं काचेचं टेबल हलवा.

लहान मुलांनी घोरणं ही गोड गोष्ट नाही. सर्दी नसताना आठवड्यातून बऱ्याच रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मान मागे टाकून झोपत असेल, तर टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड बघून घ्या. असं मूल बहुधा दिवसा पेंगत नाही, उलट अंगात वारं शिरल्यासारखं वागतं, आणि मग शाळेतून लक्ष नसल्याच्या चिठ्ठ्या येतात. दरवेळी कारण झोपच असतं असं नाही, पण मुलांच्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आपण होऊन सांगा.

ज्यांना श्वासाचं काही नाही पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांच्यासाठी गोळी हा पहिला उपाय नाही. अमेरिकी फिजिशियनांच्या संस्थेनं २०१६ मध्येच सांगितलं की निद्रानाशावर आधी वर्तनोपचार द्यावेत, म्हणजे सीबीटी-आय. उठायची वेळ ठरलेली, झोप येईल तेव्हाच अंथरुणात, आली नाही तर उठून बाहेर. पहिले आठवडे जिवावर येतात. इथल्या माजी सैनिकांच्या खात्यानं यासाठी 'इन्सोम्निया कोच' नावाचं फुकट अ‍ॅप केलं आहे, ते कोणालाही वापरता येतं. मेलाटोनिनच्या गोड गोळ्या इथे पूरक आहार म्हणून विकल्या जातात, औषधासारखी त्यांची तपासणी होत नाही. मुलांना चॉकलेटसारख्या वाटू नका.

शेवटी यंत्र. सीपॅप म्हटलं की लोकांना ऑक्सिजनचा सिलिंडर आठवतो. तसं काही नाही. साधी हवा, जरा दाबानं, नाकावाटे. त्या हवेनं घसा मिटत नाही, बस. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. मुखवटे तीन-चार तऱ्हांचे असतात, आणि पहिला बसेलच असं नाही. आम्हाला एका पुरवठादारानं आधी चुकीच्या मापाचा पाठवला, मग फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं. नेटानं बदलून घ्या. मेडिकेअर पहिल्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांपैकी ७० टक्के रात्री निदान चार-चार तास यंत्र वापरल्याचा पुरावा मागतं. खासगी विमेही बहुधा असाच हिशोब करतात, आणि यंत्र स्वतःच चहाडी करतं. म्हणजे "कपाटात आहे, वापरेन कधीतरी" चालत नाही. यंत्र सोसवत नसेल तर दातांत बसवायचं साधन आहे, काहींना शस्त्रक्रिया आहे. वजन फार असलेल्यांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड हे इंजेक्शनही इथे मंजूर झालं. कुणाला काय, ते डॉक्टर ठरवतील. आणि भारतात जाताना यंत्र घरी ठेवून जाऊ नका. इथल्या नियमांनुसार ते हातातल्या सामानाच्या मोजणीत धरत नाहीत, आणि बहुतेक यंत्रं तिकडच्या विजेवर नुसता प्लग बदलून चालतात.

तिकडून आलेल्या आई-वडिलांची तपासणी मात्र शक्यतो तिकडेच करा. पाहुण्यांचा विमा असल्या जुन्या दुखण्याला सहसा हात लावत नाही, आणि पुण्या-मुंबईत चांगल्या झोपेच्या प्रयोगशाळा आहेत. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून स्लीप अ‍ॅप्नियाचं नाव घेतलं होतं, त्यानंतर तिकडेही या शब्दाला लोक बिचकत नाहीत. गुडघ्याची किंवा कसलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आधी सांगायला विसरू नका.

मी गेल्या महिन्यात साताऱ्याला वहिनीला फोन केला. म्हटलं, दादाचं रात्रीचं जरा रेकॉर्ड करून पाठव. ती म्हणाली, "ताई, हे कळलं तर घरात रामायण होईल." तरी पाठवलं. मी हेडफोन लावून ऐकलं: पंख्याचा आवाज, घोरणं, लांब कुठेतरी कुत्रं, मग एकदम काहीच नाही. मी मोजायला लागले. सतरावर हुंदका आला. येत्या मंगळवारी त्याची पुण्यात अपॉइंटमेंट आहे. वहिनी बरोबर जाते आहे, फोन चार्ज करून.